पहिल्या प्रतीचा खर्च

गावाचे, वाचनालयाचे किंवा एखाद्या तरुण मंडळाचे छोटे मासिक काढायचे ठरले की पैशाचा पहिला प्रश्न छपाईचा येतो, आणि बहुतेक ठिकाणी तो असा विचारला जातो: एक प्रत केवढ्याला पडेल? छापखान्याकडे त्याचे उत्तर तयार असते. शंभर घ्याल तर महाग, हजार घ्याल तर स्वस्त. हे उत्तर खरे आहे, पण ते छापखान्याच्या बाजूने खरे आहे. दोनशे घरांत वाचले जाणारे मासिक हजार प्रती काढल्याने स्वस्त होत नाही. उरलेल्या आठशे प्रतींचा कागद, शाई आणि बांधणी यांचा बोजा शेवटी त्या दोनशे वर्गणीदारांवरच पडतो. छोट्या नियतकालिकाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. पहिली प्रत हातात येईपर्यंत किती खर्च होतो? अक्षरे जुळवणे, पाने लावणे, साचा किंवा प्लेट तयार करणे, यंत्र चालू करणे हा खर्च एक प्रत काढा की पाच हजार, तेवढाच राहतो. मोठ्या दैनिकात तो लाखभर प्रतींत विरघळतो. दीडशे प्रतींच्या मासिकात तोच सर्वांत मोठा आकडा असतो. मराठीत छोटी नियतकालिके कशी निघाली, कशी टिकली आणि कशी बंद पडली याचा इतिहास याच खर्चाच्या अंगाने वाचला पाहिजे असे मला वाटते. बारामती तालुक्यात, फलटणच्या रस्त्याला नीरेच्या अलीकडे असलेल्या सांगवीसारख्या गावात आज कोणी मासिक काढायला बसले, तर त्याला या इतिहासाचा थेट उपयोग आहे.

या प्रदेशात छपाई येण्यापूर्वीची पद्धत पहिल्या प्रतीच्या खर्चाच्या दृष्टीने आदर्श होती. श्रीधरस्वामींनी 'शिवलीलामृत' शके १६४० मध्ये, म्हणजे इ. स. १७१८ मध्ये, बारामतीत पूर्ण केले. पुढे याच गावात बाबूजी नाईकांच्या आश्रयाने मोरोपंतांनी आपले प्रचंड काव्य लिहिले. १७९४ मध्ये ते वारले. या दोघांचे लेखन महाराष्ट्रभर गेले ते पोथ्या उतरवून घेणाऱ्यांच्या हातांनी आणि कथेकरी-पुराणिकांच्या तोंडून. ज्याला पोथी हवी तो ती स्वतः उतरवी किंवा लेखनिकाला दाम देऊन उतरवून घेई. मागणी नसलेली एकही प्रत तयार होत नसे, माळ्यावर गठ्ठे पडत नसत. अडचण उलट्या बाजूची होती. दुसरी प्रत पहिलीइतकीच महाग, शंभरावी प्रतही पहिलीइतकीच महाग. शिवाय प्रत्येक हातागणिक पाठ बदलत जाई. दर सोमवारी वाचायच्या पोथीला ही पद्धत चालली. दर महिन्याला नवा मजकूर चाळीस घरांत पोहोचवायचा असता तर ती कोलमडली असती. तरी तिच्यात एक शहाणपण होते: वाचक आधी, प्रत नंतर. छपाई आल्यावर हा क्रम उलटला, आणि छोट्या नियतकालिकांच्या बहुतेक दुःखांचे मूळ या उलटलेल्या क्रमात आहे.

खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरठशांची, छपाई देवनागरीला मुळातच महाग पडली. रोमन लिपीला मोठी अक्षरे, लहान अक्षरे, आकडे आणि चिन्हे मिळून शंभरएक खिळ्यांत काम भागते. देवनागरीत जोडाक्षरे, काना-मात्रा-वेलांट्या लागलेली रूपे, रफार, अर्धी अक्षरे हे सगळे अखंड टाइपात ओतायचे तर चारशेहून अधिक वेगवेगळे खिळे लागत. लोकमान्य टिळकांनी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा ध्यास घेतला आणि सुमारे १९० खिळ्यांचा संच आखला, तो लिपीच्या केवळ हौसेने नव्हे. खिळ्यांची संख्या म्हणजे शिशाचे वजन, खिळे ठेवायच्या पेट्यांची, म्हणजे 'केस'ची, संख्या, जुळाऱ्याचा वेळ आणि चुकांची शक्यता. वृत्तपत्र चालवणाऱ्या माणसाला हा खर्च रोज डोळ्यांसमोर दिसत होता. म्हणूनच मराठी छपाईच्या आरंभीच गणपत कृष्णाजींनी जे केले ते मला फार महत्त्वाचे वाटते. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यातली कामे पाहून त्यांनी स्वतःचे यंत्र उभे केले, शाई स्वतः बनवली आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. शिळाछापात खिळे लागत नाहीत. चांगल्या हस्ताक्षराचा माणूस विशिष्ट शाईने लिहितो, ते दगडावर उतरते आणि दगडावरून प्रती निघतात. चारशे खिळ्यांचा सारा खर्च एका लेखकाच्या बोरूत मावला. गणपत कृष्णाजी नंतर खिळ्यांकडे वळले, स्वतः खिळे पाडू लागले आणि त्यांचा छापखाना नावारूपाला आला. पण आरंभाची पायरी हस्ताक्षराची होती. मराठीत स्वस्त छपाईची वाट जेव्हा जेव्हा मोकळी झाली तेव्हा ती खिळे टाळूनच झाली. दगडावर, मग मेणाच्या कागदावर आणि शेवटी संगणकाच्या पडद्यावर असे हे तीनदा घडले.

मधला काळ मात्र खिळ्यांचाच होता आणि तो दीडशे वर्षांचा होता. त्याचे गणित तालुक्याच्या छोट्या छापखान्यावर मांडून पाहावे. डेमी आकाराच्या एका तावाच्या तीन घड्या केल्या की सोळा पृष्ठांचा एक फर्मा होतो. पाचशे तावांचे एक रीम, म्हणजे सोळा पानी अंकाच्या पाचशे प्रतींना बरोबर एक रीम कागद. बत्तीस पानी अंकाला दोन रीम. इथवर हिशेब सोपा आणि कागदाचा खर्च बेताचा. पण लहान गावात सिलिंडर यंत्र नसे, पायाने चालवायचे ट्रेडल असे. त्यावर एका वेळी चार पाने बसत. बत्तीस पानांना आठ वेळा पाने बांधायची आणि प्रत्येक वेळी पाचशे दाब, म्हणजे चार हजार दाब. हातात कसब असलेला ट्रेडलवाला तासाला आठशे-हजार ताव घालतो, म्हणजे हे काम दिवसभरात उरकते. वेळ खाई ती जुळणी. छोट्या छापखान्यात खिळे मोजके, त्यामुळे बत्तीस पाने एकदम जुळवून ठेवता येत नसत. चार पाने जुळवा, गॅलीवर प्रूफ काढा, तपासा, दुरुस्त्या करा, छापा, खिळे सोडवून परत घरांत टाका आणि मग पुढची चार पाने घ्या. लग्नपत्रिकेचे काम आले की मासिकाची पाने तशीच पडून राहत, कारण पत्रिकेचे पैसे रोख आणि मुहूर्त पुढे ढकलता येत नाही. गावोगावच्या नियतकालिकांचे अंक उशिरा का निघत, जोडअंक का काढावे लागत, याचे कारण संपादकांच्या आळसात शोधणे अन्यायाचे आहे. ते खिळ्यांच्या केसमध्ये होते.

या परिस्थितीत टिकलेल्या प्रकाशनांनी पहिल्या प्रतीचा खर्च वर्गणीदारांकडून आधी मिळवला होता. बारामतीच्या मोरोपंतांचे काव्य छापून घराघरांत गेले तेही मोठ्या ग्रंथांच्या रूपात एकदम नव्हे; जुन्या कवितेची मासिके ते हप्त्याहप्त्याने देत होती. १८६० च्या सुमारास माधव चंद्रोबांचा 'सर्वसंग्रह', १८७८ मध्ये साने, मोडक आणि शाळिग्राम यांचा 'काव्येतिहाससंग्रह', १८९० मध्ये निर्णयसागरातून निघू लागलेला वामन दाजी ओकांचा 'काव्यसंग्रह' ही सारी याच घाटाची. वाचकाने वर्षाची वर्गणी भरायची, दर महिन्याला काही पाने मिळायची, वर्षाअखेर ती बांधून घेतली की पुस्तक झाले. मोठा ग्रंथ एकरकमी छापण्याचे भांडवल कोणाकडेच नव्हते. ते वर्गणीदारांकडून महिन्याच्या बेताने गोळा झाले. पोथीकाळातला वाचक-आधी हा क्रम या संपादकांनी छापखान्यात परत आणला. ज्यांना तो परत आणता आला नाही त्यांची फरफट झाली. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात 'दीनबंधू' सुरू केले. शेतकरी आणि कष्टकरी समाजाचा आवाज असलेले ते पत्र होते, पण त्या समाजात वाचता येणारे थोडे आणि आगाऊ वर्गणी भरू शकणारे त्याहून थोडे. भालेकरांनी पदरमोड करून ते ओढले. तोटा सोसवेनासा झाला तेव्हा १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईला नेले. तिथे गिरणी कामगारांची दाट वस्ती होती, एक अंक दहा जण ऐकत आणि पत्र पुन्हा उभे राहिले. छपाईची पद्धत तीच राहिली होती. बदलली होती ती वाचकांची जवळीक.

इथे एक जोरदार आक्षेप येतो, आणि तो भालेकरांच्याच घरातून येतो. त्यांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये 'दीनमित्र' साप्ताहिक काढले ते कोणत्या शहरातून नव्हे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या सोमठाणे या गावातून आणि पुढे नेवासे तालुक्यातल्या तरवडीतून. स्वतःचा छापखाना खेड्यात थाटला आणि पत्र १९६७ पर्यंत, स्वतःच्या मृत्यूपर्यंत चालवले. मग पहिल्या प्रतीचा खर्च कमी ठेवा, यंत्रात पैसे घालू नका, या म्हणण्याचे काय? खेड्यातला स्वतःचा छापखाना सत्तावन्न वर्षे चालला, तर छोट्या नियतकालिकाने आधी यंत्रच घ्यावे असे का म्हणू नये? याला दोन उत्तरे आहेत. एक तर मुकुंदरावांकडे तरवडीत घर होते, शेती होती. संपादक, लेखक आणि व्यवस्थापक यांचे पगार त्या पत्रावर पडत नव्हते. साप्ताहिकाचे यंत्र दर आठवड्याला कामाला लागते; मासिकाचे यंत्र महिन्यातले तीन आठवडे उभे राहते आणि उभे यंत्र भांडवल खात राहते. मुकुंदरावांची लेखणीही अखंड चालू होती. १९१३ चे 'कुलकर्णीलीलामृत' आणि त्यामागून आलेली पुस्तके त्याच वाचकवर्गापर्यंत गेली. दुसरे उत्तर मला अधिक मोलाचे वाटते. ज्या समाजाचे म्हणणे दुसऱ्याच्या छापखान्यात अडवले जाऊ शकते त्याला स्वतःचे यंत्र काटकसरीसाठी नको असते, स्वातंत्र्यासाठी हवे असते. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले तेव्हा त्याची पैसे देऊन द्यायची जाहिरातही 'केसरी'ने घेतली नव्हती. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले तेव्हा पत्र उभे राहिले, तरी ते १९२३ मध्ये बंद पडले. त्यानंतर 'बहिष्कृत भारत' आले आणि चळवळीला स्वतःचा भारतभूषण छापखाना लागला. तो खर्च हिशेबाच्या वहीत तोटा दिसला असता तरी योग्यच होता. ज्या गावच्या मासिकाला कोणताही छापखाना नकार देणार नाही, त्याने मात्र या उदाहरणांचा आधार घेऊन यंत्र विकत घेऊ नये. त्याच्यावर ती वेळ आलेली नाही.

सरकारनेही पहिली प्रत महाग केली होती, हे विसरून चालणार नाही. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव बंधनकारक झाले आणि नियतकालिकासाठी मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र करावे लागे. १९१० च्या प्रेस कायद्याने नव्या छापखान्याकडून ५०० ते २,००० रुपये जामीन मागण्याचा अधिकार दिला, आणि प्रकाशकाकडूनही तेवढाच. म्हणजे शाहू महाराजांनी 'मूकनायक'ला दिलेली सगळी रक्कम एका छापखान्याच्या जामिनातच जवळपास संपली असती. एकही अक्षर जुळण्यापूर्वीचा हा खर्च. तो कायदा १९२२ मध्ये गेला, पण १९३० च्या वटहुकमाने आणि १९३१ च्या कायद्याने जामीन परत आला. आणि याच वळणावर स्वस्त छपाईची दुसरी वाट दिसते. १९३० मध्ये नवजीवन छापखाना जप्त झाल्यावर गांधीजींचे 'यंग इंडिया' सायक्लोस्टाइलवर निघू लागले. १९४२ मध्ये भूमिगत कार्यकर्त्यांच्या पत्रिका अशाच निघाल्या. सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालवणाऱ्यांना खिळ्यांचा छापखाना लपवणे अशक्य होते. सायक्लोस्टाइलचे यंत्र एका माणसाला उचलून दुसऱ्या वस्तीवर नेता येत होते.

सायक्लोस्टाइलचे तंत्र साधे आहे आणि ते देवनागरीला विशेष मानवले. मेण चढवलेल्या पातळ कागदावर टोकदार लोखंडी लेखणीने लिहिले, किंवा टंकलेखन यंत्राची फीत काढून नुसते ठसे मारले, की मेण निघून बारीक भेगा पडतात. तो कागद शाईच्या रुळावर ताणून फिरवला की भेगांतून शाई झिरपून प्रत उमटते. एका स्टेन्सिलवर काही शे प्रती निघतात. नीट जपले तर त्याहूनही जास्त. इथे पहिल्या प्रतीचा खर्च म्हणजे एक स्टेन्सिल आणि लिहिणाऱ्याची एक दुपार. चारशे खिळ्यांची अट पुन्हा एकदा हस्ताक्षराने मोडून काढली. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांचे 'शब्द' १९५४ मध्ये सायक्लोस्टाइलवर निघाले आणि मराठी लघुनियतकालिकांची चळवळ तिथून सुरू झाली असे मानतात. पुढे अशोक शहाणे आणि मित्रांचे 'असो', भालचंद्र नेमाड्यांचे 'वाचा', राजा ढाल्यांची अनियतकालिके आली. छपाई प्रत्येकाची वेगळी होती, पण सगळ्यांची हिंमत एका साध्या गोष्टीवर उभी होती: दोनशे-तीनशे वाचकांसाठी मासिक काढता येते आणि ते मोठ्या मासिकाचे अर्धवट रूप नसते. मोठ्या मासिकांना हजारो वर्गणीदार सांभाळायचे होते, म्हणून त्यांना सर्वांना रुचेल असे छापावे लागे. तीनशे वाचकांच्या मासिकाला ती सक्ती नव्हती. तंत्र स्वस्त झाले म्हणून वाङ्मय बदलले असे मी म्हणत नाही. ते लिहिणारे प्रतिभावंत होते आणि त्यांनी कशावरही लिहिले असते. पण स्टेन्सिलने त्यांना कोणाची परवानगी न मागता लिहू दिले, हे नाकारता येत नाही.

यावर दुसरा आक्षेप असा की असे कागद टिकत नाहीत. सायक्लोस्टाइलचा कागद खडबडीत आणि आम्लयुक्त, चाळीस वर्षांत पिवळा होऊन चुरा होतो. हस्तलिखित मासिकाची तर एकच प्रत असते. शाळेच्या कपाटातली ती प्रत वाळवीने खाल्ली की संपले. हा आक्षेप खरा आहे आणि त्याने माझे म्हणणे थोडे वाकते. शं. ग. दाते, दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांनी १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी नियतकालिकांची सूची केली. हे काम शक्य झाले याचे एक कारण असे की नोंदणीच्या कायद्यामुळे छापील अंकांचा कुठे तरी माग राहिला होता. ज्या सरकारी अटीने पहिली प्रत महाग केली, तिनेच शेवटची प्रत जपली. बिगरनोंदणीच्या पत्रिका आणि हस्तलिखिते अशा सूचीत सहजासहजी येत नाहीत. म्हणून स्वस्त पद्धत निवडणाऱ्याने टिकाऊपणाची जबाबदारी स्वतः घ्यायला हवी. चार प्रती चांगल्या कागदावर काढून चार वेगळ्या ठिकाणी ठेवणे हा अंकाच्या खर्चाचाच भाग आहे, नंतर जमल्यास करायची गोष्ट नव्हे.

तिसरी वाट संगणकाने काढली. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाले, देवनागरीत टाइप करण्याची साधने आली, 'श्रीलिपी'सारखे फाँट तालुक्याच्या दुकानांत पोहोचले आणि नव्वदीच्या दशकात लग्नपत्रिकेपासून पावतीपुस्तकापर्यंतची जुळणी डीटीपीवर होऊ लागली. आज युनिकोडचे 'मुक्ता' किंवा 'बलू' यांसारखे फाँट फुकट मिळतात. शिशाचे खिळे, केस आणि खिळे सोडवण्याचे काम संपले. पण पहिल्या प्रतीचा खर्च संपला असे समजणे चूक आहे. तो जुळाऱ्याकडून प्लेटकडे सरकला. ऑफसेटला प्रत्येक रंगासाठी वेगळी प्लेट लागते. एकरंगी पानाला एक, बहुरंगी पानाला चार. यंत्र लावताना, शाई जमवताना चांगले शे-दोनशे ताव वाया जातात. हजार प्रतींत हे दिसत नाही, दीडशे प्रतींत वाया गेलेला कागद छापलेल्या कागदाइतका होतो. म्हणून तीनशे-पाचशे प्रतींच्या खाली डिजिटल छपाई किंवा रिझोसारखे डुप्लिकेटर, म्हणजे शाळांच्या प्रश्नपत्रिका छापणारे यंत्र, बहुधा किफायतशीर ठरते आणि त्यावर ऑफसेट. नेमकी रेघ कुठे ओढायची ते पानांवर, रंगांवर आणि गावच्या दरांवर अवलंबून आहे; दोन्हींचे दर आपल्या खऱ्या प्रतसंख्येला विचारावेत, हजाराला विचारू नयेत.

तालुक्याच्या छापखान्याचे वर्षही समजून घेतले पाहिजे. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास या भागात खेळू लागले आणि ऊस आला. त्यामागून सहकारी कारखाने, सोसायट्या, पतसंस्था, कॉलेज आले. या साऱ्यांना पावत्या, अहवाल, फॉर्म लागतात आणि बारामतीच्या छपाईधंद्याचे पोट त्यावर चालते. माघ ते ज्येष्ठ लग्नपत्रिकांची झोड असते. दसरा-दिवाळीला जाहिराती आणि दिवाळी अंक असतात. चातुर्मासात लग्ने नसतात, म्हणून आषाढ-श्रावणात यंत्र तुलनेने मोकळे असते आणि दर खाली येऊ शकतो. 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा घातली. तेव्हापासून छोट्या मंडळांनाही वाटते की वर्षातून एक गुबगुबीत दिवाळी अंक काढणे सर्वांत परवडणारे, कारण जाहिराती तेव्हाच मिळतात. जाहिराती मिळतात हे खरे. पण छपाई तेव्हाच महाग असते, शंभर अंकांच्या गर्दीत आपला अंक वाचला जात नाही आणि वर्षातून एकदा भेटणाऱ्या मासिकाशी वाचकाचे नाते बनत नाही. टपालखात्याचा जुना नियमही याच दिशेने बोट दाखवत होता. १८९८ च्या टपाल कायद्यात वृत्तपत्राचा सवलतीचा दर मिळायचा तर अंक ३१ दिवसांहून जास्त अंतराने निघता कामा नये आणि वर्गणीदारांची खरी यादी असली पाहिजे, अशा दोन अटी होत्या. वार्षिकाला आणि त्रैमासिकाला तो दर नव्हता. पहिल्या ५० ग्रॅमला २५ पैसे असा तो दर दीर्घकाळ राहिला. लहान मासिकाचे कागदाचे वजन या आकड्याने ठरवले: ७० जीएसएमच्या ए-फोर तावाचे वजन साडेचार ग्रॅमच्या आत असते, नऊ ताव मध्ये दुमडून छत्तीस पाने आणि वर १३० जीएसएमचे मुखपृष्ठ, एवढा ए-फाइव्ह अंक साडेसत्तेचाळीस ग्रॅमचा होतो. तो कायदा २०२३ च्या नव्या टपाल कायद्याने मोडीत निघाला, १८६७ चा कायदाही २०२३ च्या नोंदणी कायद्याने बदलला आणि आता नोंदणी ऑनलाइन होते. दर आणि अटी सुरुवात करताना पुन्हा तपासून घ्याव्यात. पण मुखपृष्ठ धरून चाळीस पानी हलका अंक हे माप आजही शहाणपणाचे आहे.

शेवटचा आक्षेप आजचा आहे: छापायचेच कशाला? पीडीएफ करा आणि गावच्या व्हॉट्सअॅप गटावर टाका, पहिल्या प्रतीचा खर्चच शून्य. ज्याला बातमी पोहोचवायची आहे त्याने तसेच करावे. पण गटावर आलेला मजकूर दुसऱ्या दिवशी शंभर निरोपांखाली गाडला जातो, आणि ज्यांच्या आठवणींतून गावाचा इतिहास लिहायचा ती वयाची ऐंशी गाठलेली माणसे तिथे वाचत नाहीत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांना अनुदानाची व्यवस्था झाली. त्या टेबलावर पडलेला अंक महिनाभर वेगवेगळ्या हातांत जातो. म्हणून सांगवीसारख्या गावात मासिक काढायचे तर मी असे करीन: आधी वर्षाची वर्गणी गोळा करावी, आणि पावत्या फाटल्या तितक्याच प्रती, वर दहाएक जास्तीच्या. आतली पाने एकरंगी, मुखपृष्ठ तेवढे रंगीत. पहिले वर्ष डिजिटलवर किंवा डुप्लिकेटरवर. वर्गणीदार चारशेच्या पुढे टिकले तर दुसऱ्या वर्षी बारामतीत ऑफसेटचे दर विचारावेत, तेही पत्रिकांचा हंगाम सरल्यावर. पीडीएफ बाहेरगावी गेलेल्या गावकऱ्यांना पाठवावी आणि त्यांच्याकडूनही वर्गणी घ्यावी. आणि त्या दहा जास्तीच्या प्रतींपैकी एक गावच्या वाचनालयात, एक शाळेत, एक बारामतीच्या कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवावी. १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्याखाली, ज्यात १९५६ नंतर नियतकालिकेही आली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांकडे जाणाऱ्या प्रती पहिल्याच महिन्याच्या हिशेबात धराव्यात.